जुना ट्रक मोडायचा की नव्याचा हप्ता भरायचा?

"सर, गाडी ठेवू की काढू?" हा प्रश्न मागच्या एका रविवारी आमच्या दारात आला. विचारणारा येरवड्याच्या वस्तीतला, पंचेचाळिशी गाठलेला एक ट्रकमालक. मालक हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आधी तो क्लीनर होता, फाळक्याला लटकून घाट उतरणारा. पुढे सतरा वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. २०१९ साली त्याने २००९ ची, दोन मालक बघून आलेली ४०७ विकत घेतली तेव्हा वस्तीत पेढे वाटले होते. समोरच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम', खाली मुलीचे नाव. आज त्या गाडीला पंधरा वर्षे उलटून गेली आहेत. पासिंग तोंडावर आले आहे. एक एजंट नव्या गाडीचे कागद घेऊन दोनदा घरी येऊन गेला आहे. आणि नाक्यावर कोणीतरी सांगितले आहे की आता सरकार जुन्या गाड्या उचलून नेणार.

आम्हाला इंजिनातले काही कळत नाही, असे सांगून प्रश्न टाळता आला असता. पण त्याच्या पत्नीच्या हातात एक वही होती. गाडीची पहिली रक्कम तिच्या बचत गटातून उभी राहिली होती, म्हणून हिशोब तीच ठेवते. डिझेल किती, भाडे किती, टायरला किती, गाडी उभी राहिली ते दिवस किती, सगळे तारीखवार. ती म्हणाली, "दादा, ह्यांचा जीव गाडीत आहे आणि एजंटाचा जीव कमिशनमध्ये. तुम्ही वही बघा." आम्ही वही बघितली. त्यातून जे समजले ते या स्तंभात मांडत आहोत, कारण हा एका घराचा प्रश्न नाही.

पुणे हे ट्रक बनवणारे शहर आहे. टेल्कोचा पुण्यातला कारखाना १९६६ पासूनचा. आज गल्लीबोळात दिसणारी ४०७ इथेच जन्मली आणि १९८६ साली बाजारात आली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने तर मराठी माणसाला एक शब्दच दिला. २००५ साली कंपनीने स्वतःच्या नावातून तो शब्द काढून टाकला, तरी लोकांच्या तोंडचा 'टेम्पो' गेला नाही. त्याच २००५ साली टाटांची एस ही लहान गाडी आली आणि लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे केले. जमीन नाही, दुकान नाही, नोकरीचा भरवसा नाही अशा कितीतरी घरांनी या चार चाकांवर संसार उभा केला. ज्यांच्या वाटचा हिस्सा गावगाड्यात उतरंडीच्या तळाचा होता, त्यांच्यातल्या एखाद्याच्या नावाने आरसी बुक निघते, ही गोष्ट साधी नाही. म्हणूनच गाडी ठेवायची की काढायची हा प्रश्न लोखंडाचा नाही, मिळवलेली जागा टिकवण्याचा आहे.

प्रथम अफवेचा निकाल लावू. पंधरा वर्षे झाली की कोणतीही मालवाहू गाडी आपोआप भंगारात जाते, असा कायदा पुण्याला लागू नाही. दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच्या बातम्या वाचून इथला माणूस घाबरतो. केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याचा गाभा वय नसून चाचणी हा आहे. गाडी चाचणीत उतरली तर चालेल, नापास झाली तर मोडावी लागेल. पंधरा वर्षांनंतर सक्तीने नोंदणी रद्द होते ती सरकारी गाड्यांची. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका आणि सरकारी परिवहन संस्थांच्या गाड्यांना तो नियम लागू झाला.

इथे एक फरक वाचकांनी लक्षात घ्यावा. महापालिकेची कचरागाडी जुनी झाली तर नवी येते ती जनतेच्या करातून. ती यावीच. त्या गाडीमागे उभे राहून कचरा भरणारे हात कोणाचे आहेत हे आम्हाला कोणी सांगायला नको. गंजलेला हौदा आणि अडकणारे हायड्रॉलिक त्यांच्याच बोटांवर येते. पण येरवड्यातल्या आमच्या माणसाची गाडी जुनी झाली तर नवी येते ती त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रातून. सरकारला सक्ती आहे, पण तिजोरीही आहे. त्याला सक्ती नाही असे म्हणतात, पण फीचा फास आहे.

तो फास असा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे पासिंग मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आठ वर्षांवरील गाडीला राज्यात पर्यावरण कर आहे. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील जड ट्रकच्या पासिंगची फी १२,५०० रुपये ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम पुन्हा बदलले. आता दहा वर्षांपासूनच वयाचे टप्पे पाडले आहेत आणि वीस वर्षांवरील जड ट्रकची फी २५,००० रुपयांवर नेली आहे. हलक्या गाड्यांचे आकडे कमी आहेत, पण दिशा तीच आहे. हे पैसे ब्रेक दुरुस्त करायला लागत नाहीत, फक्त तपासणीसाठी लागतात. तपासणीआधी लायनर, पाटे, रंग, दिवे, रिफ्लेक्टर यांवर होणारा खर्च वेगळा. दिव्याच्या ट्रॅकवर जाण्यायेण्यात बुडालेल्या दिवसाचे भाडे वेगळे.

आता विचारूया, जुनी गाडी कोणाकडे असते? मोठा वाहतूकदार नवी गाडी घेतो, पाच-सात वर्षे लांब पल्ल्यावर पळवतो आणि तिचा उत्तम काळ वसूल करून विकतो. मग ती छोट्या वाहतूकदाराकडे येते. त्याच्याकडून ती जो स्वतःच चालवतो अशा माणसाकडे येते. तिसऱ्या हातात गाडी पडते तेव्हा तिची किंमत परवडण्याजोगी झालेली असते, कारण तिचे आयुष्य संपत आलेले असते. म्हणजे पहिल्या मालकाने नफा घेतला, दुसऱ्याने उरलासुरला घेतला, आणि धुराचा दंड, वयाची फी आणि मोडीचा निर्णय तिसऱ्याच्या वाट्याला आला. गावाबाहेरच्या वस्तीला पाणवठ्याचे शेवटचे पाणी मिळायचे, तसेच हे बाजारातले शेवटचे पाणी आहे. ते गढूळ आहे म्हणून पिणाऱ्याला दंड करायचा, पण वरच्या धारेला कोणी हात लावायचा नाही!

सवलती आहेत, नाहीत असे नाही. अधिकृत केंद्रात गाडी मोडली तर जमा प्रमाणपत्र मिळते. त्यावर नवी मालवाहू गाडी घेताना वाहनकरात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राने केली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांनी जुना मालट्रक मोडणाऱ्याला नव्याच्या किमतीत सूट देण्याचे मान्य केले. साडेतीन टनांवरच्या गाडीसाठी ३ टक्के, त्याखालच्या गाडीसाठी दीड टक्का. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा मोठा दिलासा आहे. पण या सगळ्या सवलतींचे दार एकाच बाजूला उघडते. नवी कोरी गाडी घेणाऱ्याला त्या मिळतात. आमच्या माणसाची झेप नव्या गाडीपर्यंत जातच नसेल, तो पंधरा वर्षांची गाडी मोडून सात वर्षांची घेत असेल, तर हवेला फायदा होतोच. त्याला मात्र काही मिळत नाही.

एवढे म्हटल्यावर जुन्या गाडीची वकिली करून आम्ही मोकळे झालो असतो. पण ते अप्रामाणिक ठरेल. जुनी गाडी गरिबाची आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून २०१२ मध्ये स्पष्टपणे सांगितले. हा धूर कोरेगाव पार्कच्या बंगल्यात कमी आणि रस्त्याला खेटून असलेल्या पत्र्याच्या घरात जास्त जातो. संध्याकाळी गाडी वस्तीच्या तोंडाशी लागते, सकाळी थंड इंजिन सुरू होते तेव्हा काळा लोट ज्या पोरांच्या अंगावर जातो ती आपलीच पोरे आहेत. त्याच्या बायकोने वहीत हे लिहिलेले नव्हते. पण धाकट्याच्या छातीला फवारा लागतो, हे तिने बोलता बोलता सांगितले.

दुसरी गोष्ट ब्रेकची. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका टँकरने तिथे ४८ गाड्यांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच भागात कंटेनरच्या अपघातात आठ जणांचे प्राण गेले. प्रत्येक अपघात गाडी जुनी असल्यानेच होतो असे आम्ही म्हणणार नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय नव्या गाडीलाही दरीत नेईल. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणारी यंत्रणा मरते आणि पायाखालचे पेडल दगड होते. पण झिजलेले लायनर, गळणारा सिलिंडर आणि वाकलेले पाटे घेऊन भरलेली गाडी उतारावर आणणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. आणि स्वतःच्या घराशीही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार पासिंग नसलेल्या मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. अशा गाडीने अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला निघते. फी वाचवायला गेलेला माणूस राहते घर गमावून बसतो. तेव्हा गाडी ठेवायची असेल तर पासिंगसकट आणि ब्रेकसकट ठेवायची, नाहीतर आजच उभी करायची. या बाबतीत तिसरा मार्ग नाही.

आता वहीकडे येऊ. गाडी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून हडपसर, वाघोली, खराडीकडे लाकूड आणि प्लायवूड नेते. दिवसाला सरासरी शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार किलोमीटर. वहीप्रमाणे लिटरला आठ किलोमीटर पडतात. नवी गाडी दहा देईल असे धरू. जुनीला ३१२ लिटर लागते, नवीला २५० लागेल. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याची बचत साधारण ५,६०० रुपये. दुरुस्तीत ४,००० वाचतील. जुनी गाडी महिन्यात तीन दिवस गॅरेजला उभी असते. दिवसाला खर्च वजा जाता १,५०० सुटतात असे धरले तर ते ४,५०० आले. एकूण फायदा सुमारे १४,१०० रुपये.

दुसऱ्या बाजूला हप्ता. समजा नवी गाडी बॉडीसकट १४ लाखांना पडली. जुनी विकून, गटातून आणि सोने मोडून ४ लाख उभे केले आणि १० लाख कर्ज काढले. १२ टक्के घटत्या व्याजाने पाच वर्षांचा हप्ता २२,२४४ रुपये येतो. म्हणजे आहे तेवढ्याच कामावर नवी गाडी घेतली तर महिन्याला आठ हजार रुपयांहून जास्त तुटवडा. पूर्ण विम्याचा वाढीव हप्ता यात धरलेलाच नाही. एजंट हा हिशोब सांगत नाही. तो फक्त डिझेलच्या बचतीचा आकडा सांगतो, आणि तो आकडा खोटाही नसतो.

मग नवी गाडी वाईट का? मुळीच नाही. हेच काम महिन्याला पाच हजार किलोमीटरचे असते तर डिझेलची बचत दुप्पट झाली असती, फेऱ्यांचे उत्पन्न वाढले असते आणि हप्ता भरून हातात काही उरले असते. चाकण, रांजणगावच्या बऱ्याच कंपन्यांच्या गेटवर जुन्या गाडीला काम मिळत नाही. तिथले वर्षाचे कंत्राट हातात असेल तर नवी गाडी घेणेच शहाणपणाचे. गाडी तीच, किंमत तीच, एकाला ती वर काढते आणि दुसऱ्याला बुडवते.

हा विचार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतधारणा आणि त्यांवरील उपाय यावर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे पंडित म्हणत होते की शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे. बाबासाहेबांनी विचारले, लहान कशाच्या मानाने? जमिनीचा तुकडा नुसत्या आकाराने किफायतशीर किंवा तोट्याचा ठरत नाही. त्यावर लावायचे श्रम, अवजारे आणि भांडवल यांचे प्रमाण जुळले तर लहान तुकडाही किफायतशीर होतो, आणि प्रमाण बिघडले तर मोठाही बुडतो. शंभर वर्षांहून जुना हा विचार ट्रकला जसाच्या तसा लागू आहे. जुना ट्रक जुना आहे म्हणून तोट्याचा नाही, नवा ट्रक नवा आहे म्हणून फायद्याचा नाही. काम, गाडी आणि कर्ज यांचे प्रमाण हे खरे माप आहे. जयंतीला आपण त्यांचा फोटो गाडीच्या बॉनेटवर लावतो, ते योग्यच. पण त्या फोटोतला माणूस अर्थशास्त्रज्ञ होता, हे हप्त्याच्या कागदावर सही करताना आठवले पाहिजे.

कर्जाच्या कागदाबद्दल आणखी एक सूचना. एजंट 'फक्त दहा टक्के' म्हणतो तेव्हा ते फ्लॅट की घटते, हे विचारावे. १० लाखांवर दहा टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचे व्याज सरळ ५ लाख, हप्ता २५,०००. मुद्दल दर महिन्याला फेडले जाते, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखांवर लागत राहते. घटत्या हिशोबाने हा दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे कानाला दहा टक्के गोड लागले तरी बारा टक्के घटते व्याजच स्वस्त, आणि फरक थोडाथोडका नाही, १ लाख ६५ हजारांचा आहे. सावकाराच्या चोपडीवर अंगठा उमटवणाऱ्या आजोबांना वाचता येत नव्हते. आपल्याला येते. मग न वाचता सही का करावी?

नव्या गाडीच्या पोटातही काही गोष्टी नव्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक आले. त्यासाठी डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाखात ५० भागांवरून १० वर आणले गेले, आणि गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळणारी यंत्रणा आली. बऱ्याच गाड्यांत युरियाचे द्रावण भरावे लागते. धूर खरोखर कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. पण सेन्सर बिघडला तर नाक्यावरच्या फिटरचा पाना तिथे चालत नाही, स्कॅनर लागतो. गर्दीत संथ आणि थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर तुंबतो. जुन्या ४०७ चा कोणताही भाग नाना पेठेत मिळतो, तिथे न मिळाला तर रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात मिळतो. हे सोयीचे आहे. मात्र ड्रायव्हरच्या शरीराचाही हिशोब धरावा. एप्रिल-मेमध्ये इंजिनाची धग पायाशी घेऊन बारा तास बसणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच कळते. २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. ही चैन नव्हे, श्रमाची प्रतिष्ठा आहे. तिची किंमत वहीत बसत नसली तरी ती शून्य धरू नये.

काही वाचक म्हणतील, अंथरूण पाहून पाय पसरावे, एवढे सांगायला इतका मजकूर कशाला? आमचा या म्हणीवर जुना राग आहे. ज्यांच्या वाट्याला अंथरूणच आखूड दिले गेले त्यांनाच ही म्हण पिढ्यान् पिढ्या ऐकवली गेली. आमचे म्हणणे पाय आखडून घ्या असे नाही. अंथरूण लांब करून मागा, असे आहे.

मागायचे कोणाकडे? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. त्याच्या बीजभांडवल योजनेत वर्षानुवर्षे ५ लाखांच्या प्रकल्पाची मर्यादा होती. त्या पैशात नवा ट्रक येत नाही हे मंत्रालयात बसणाऱ्यांना माहीत नाही का? २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली, १० लाख ते १ कोटीचे कर्ज म्हणून गाजली. पण ती पहिल्यांदाच नवा उद्योग उभारणाऱ्यासाठी होती. जुनी गाडी बदलून धंदा टिकवू पाहणारा त्या चौकटीत बसत नव्हता. मुद्रा योजनेत मालवाहू गाडीला १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते, आणि ते नीट फेडणाऱ्याला २०२४ नंतर २० लाखांपर्यंतची मर्यादा खुली झाली. आपल्या तरुणांनी फायनान्स कंपनीच्या दारात जाण्याआधी हा अर्ज बँकेत द्यावा, नाकारला तर कारण लेखी मागावे. तोंडी नकार घेऊन परत येणे बंद झाले पाहिजे.

शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, जुनी गाडी मोडून त्याहून नव्या मानकाची वापरलेली गाडी घेणाऱ्या एकाच गाडीच्या मालकालाही सवलत द्या. दुसरी, जो स्वतःची एकच गाडी स्वतः चालवतो त्याची पासिंगची फी वयाप्रमाणे न वाढवता चाचणी कडक करा. चाचणीत नापास झाला तर तक्रार नाही, पण फीच्या ओझ्याखाली पास गाडीही मोडायला लावू नका. तिसरी, महामंडळाची मर्यादा गाडीच्या बाजारभावाला जोडा. हवा स्वच्छ झाली पाहिजे यावर आमचे दुमत नाही. स्वच्छतेचा खर्च नेहमी एकाच पायरीवरच्या माणसाने का द्यायचा, एवढेच आम्ही विचारतो.

आणि ज्यांनी गाडी मोडायचीच ठरवली आहे त्यांना एक कळकळीची सूचना. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गाडी भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. गाडी मोडीत निघाल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ते केले नाही तर कर तुमच्या नावावर चढत राहतो आणि तिच्या नंबरप्लेटचा गैरवापर झाला तर पोलीस तुमच्याच दारात येतात. अधिकृत केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या. स्वतः नवी गाडी घेणार नसाल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

येरवड्याच्या त्या घराने काय ठरवले? ठरवले त्या बाईने. तिने नवऱ्याला सांगितले, "सहा महिने आपण हप्ता भरायची तालीम करू. दर महिन्याला बावीस हजार बाजूला पडले तर नवी घेऊ." वेगळे खाते उघडले. पहिल्या महिन्यात नऊ हजार पडले, दुसऱ्यात अकरा. तिसऱ्या महिन्यात पासिंग आले. तिने त्याच पैशातून चारही चाकांचे लायनर, मास्टर सिलिंडर आणि नोझलचे काम करून घेतले. गाडी पास झाली. धूर कमी झाला, संपला नाही. आता सकाळी तो गाडी वस्तीबाहेर ढकलत नेऊन रस्त्यावर सुरू करतो आणि शेजारची पोरे हात लावतात. टिंबर मार्केटमधल्या तिघा गाडीवाल्यांनी एकत्र येऊन एखादे वर्षाचे कंत्राट मिळवायचे, ते हातात आल्यावर तिघांत एक नवी गाडी घ्यायची, असे बोलणे चालू आहे. तोपर्यंत जुनी चालेल.

एजंट तिसऱ्यांदा आला होता. तिने त्याच्यासमोर वही ठेवली आणि विचारले, "फ्लॅट का घटते?" तो परत आलेला नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनी आज रात्री एवढेच करावे. घरातल्या बाईला सोबत घेऊन बसावे आणि वही उघडावी. वही नसेल तर दोनशे पानी एक विकत आणावी. गाडी ठेवायची की काढायची, याचे उत्तर त्यातच मिळेल.